बिनतंबाखूचा दरवळ

काळा बेदाणा कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर पसरला की पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही. मग दाणे फुगू लागतात, सुरकुत्या सुटून साल ताणली जाते आणि एक-दोन दाणे ‘टप्‌’ करून उडतात. द्राक्षाचा आंबटगोड वास हळूहळू मागे पडतो. त्याच्या जागी मध, उन्हात वाळलेला चारा, कपाटातली जुनी चामडी चंची असं काहीतरी नाकाला जाणवायला लागतं. घरात जुन्या पिढीतलं कोणी असेल तर बाहेरच्या खोलीतून हमखास प्रश्न येतो, “मिश्री भाजताय की काय?”

मिश्री तंबाखू भाजून करतात, आणि या तव्यावर तर तंबाखूचं एक पानही नसतं. तरी या प्रश्नात तथ्य आहे, आणि तंबाखूशिवाय तंबाखूचा दरवळ देणारा, खाण्यात घालायचा अर्क घरी काढायचा पुढचा सगळा खटाटोप त्या तथ्यावरच उभा आहे.

तंबाखूचा वास आवडणारी माणसं खूप असतात. तंबाखू खाणारी-ओढणारी तर असतातच, पण आयुष्यात कधी विडी हातात न धरलेलीही असतात. सिन्नरच्या ज्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या, तिथे वाढलेल्यांना हा वास म्हणजे दुपारची वेळ, ओसरी आणि आईचे हात. या ओढीपायीच घरी तंबाखूचा अर्क काढायचा उद्योग सुरू होतो. पानं चुरायची, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये बुडवायची, कोमट पाण्यात बरणी ठेवायची, गाळायचं आणि तो अर्क व्हेपच्या, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटच्या यंत्रात भरायचा. कृती ऐकायला लोणच्याइतकी सोपी वाटते. ती करू नये असं माझं स्वच्छ मत आहे.

पहिली अडचण निकोटिनची. ते पाण्यात, अल्कोहोलमध्ये, ग्लिसरीनमध्ये सगळीकडे विरघळतं. वास बाहेर काढणारा जो द्रावक घ्याल तो निकोटिनही काढणारच, आणि स्वयंपाकघरात दोघांना वेगळं करायचा उपाय नाही. किती उतरलं तेही कळत नाही. हिशोब करून बघा. १० ग्रॅम पानात २ टक्के निकोटिन धरलं तर २०० मिलिग्रॅम. ते सगळं ५० मिलिलिटर द्रावकात उतरलं तर दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम. पण तंबाखूच्या जाती सारख्या नसतात. तीव्र जातींत प्रमाण ६ टक्क्यांच्या वर जातं. मग तोच अर्क, तसाच रंग, आणि मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम. एका चहाच्या चमच्यात ६० मिलिग्रॅम निकोटिन! गोडसर वासाच्या, चहाच्या रंगाच्या त्या बाटलीपर्यंत लहान मूल पोचलं तर काय होईल, याचा विचार आधी करायला हवा. निकोटिन कातडीतूनही अंगात शिरतं. ओल्या तंबाखूच्या शेतात तोडणी करणाऱ्यांना मळमळ, चक्कर आणि उलट्या होतात त्या यामुळेच.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती तर सरळच आहे. डिसेंबर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही येतं. ‘माझ्या द्रवात निकोटिन नाही’ ही पळवाट नाही.

तिसरी अडचण लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही. जे खाता येतं ते फुप्फुसात घेता येतंच असं नाही. लोण्याचा वास देणारं डायअसेटिल पोटात गेलं तर काही बिघडत नाही, पण अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या. २०१९-२० मध्ये तिथेच व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होऊन २८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यामागे मुख्यतः ‘ई’ जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप होतं, जे लोक एरवी गोळीतून गिळतात. पानातून काढलेल्या घरगुती अर्कात साखर असते, मेण असतं, सूक्ष्म गाळ असतो. तापलेल्या तारेवर हे सगळं जळतं, आणि ते जळलेलं छातीत जातं. म्हणून इथून पुढे जे काही लिहिलं आहे ते जिभेसाठी आहे. खिरीत, कॉफीत, चॉकलेटमध्ये घालायचं. कोणत्याही यंत्रात भरायचं नाही.

आता त्या तथ्याकडे येऊ. तंबाखूचं हिरवं पान शेतात असताना त्याला तो वास नसतोच. पान तोडून टांगलं, पिवळं पडलं, वाळलं, मग महिनोन्‌महिने ढिगात मुरलं की वास येतो. या काळात पानातली गाजरासारखी पिवळी-केशरी रंगद्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड, तुटत जातात. त्यांच्या तुकड्यांपैकी एक बीटा-डॅमॅसेनोन, दुसरा बीटा-आयोनोन. पहिल्याला शिजवलेल्या सफरचंदाचा, मधाचा, सुकामेव्याचा वास, दुसऱ्याला सुकल्या फुलांचा. शिवाय पानातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून भाजक्या, कोकोसारख्या छटा तयार होतात.

बीटा-डॅमॅसेनोनची ओळख जगाला झाली ती बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलातून, १९७० साली. नाकाला ते इतकं तीव्र लागतं की एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. आणि ते गुलाबात आहे, द्राक्षात आहे, काळ्या चहात आहे, तंबाखूत आहे. नाशिककराने इथे क्षणभर थांबावं. मोगलाईत या गावाचं नाव होतं गुलशनाबाद. आज पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडे कुठेही निघालं तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. तंबाखूच्या वासातला सगळ्यात लोभस भाग आपल्या पायाशी, परसात आणि बाजारात पडलेला आहे. त्यासाठी तंबाखूच लागते असं कुठे आहे?

कच्चा माल नीट मिळाला तर निम्मं काम होतं, आणि बेदाण्याच्या बाबतीत चूक करायला बाजारच मदत करतो. दुकानात पुढे मांडलेला असतो तो पिवळा-हिरवा, चमकदार बेदाणा. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या पाण्यात बुडवून, सावलीतल्या जाळीच्या मजल्यांवर वाळवून, वर गंधकाची धुरी देऊन तो केलेला असतो. त्या धुरीमुळे रंग राखला जातो, म्हणजेच जी प्रक्रिया आपल्याला हवी आहे नेमकी तीच अडवली जाते. अशा बेदाण्याचा अर्क गोड होतो, पण मुका. आपल्याला हवा काळा, साधा वाळवलेला बेदाणा किंवा काळ्या मनुका. मुठीत घेऊन दाबल्यावर हाताला चिकटला आणि काकवीसारखा वास आला तर घ्यावा. नवा माल द्राक्षाच्या हंगामानंतर येतो, पण अर्कासाठी मागच्या वर्षीचा, साखर वर आलेला बेदाणा जास्त चांगला, आणि तो स्वस्तही मिळतो.

१०० ग्रॅम बेदाणा कोमट पाण्यात अर्धा मिनिट चोळून धुवायचा, कारण दाणे चिकटू नयेत म्हणून त्याला बऱ्याचदा तेलाचा हात लावलेला असतो. ते तेल अर्कावर तरंगतं आणि महिन्याभरात खवट होतं. धुतलेला बेदाणा पंख्याखाली कापडावर पूर्ण दिवस सुकवायचा. मग तव्यावर मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, सतत हलवत. ओव्हन असेल तर १५० अंशांवर १२ मिनिटं. हे भाजणं केवळ रंगासाठी नाही. द्राक्षातलं डॅमॅसेनोन बरंचसं साखरेला बांधलेल्या रूपात असतं आणि बांधलेलं असताना त्याला वास नसतो. उष्णता आणि द्राक्षातलंच आम्ल मिळून ती गाठ सोडवतात. पण कडा काळ्या झाल्या, धूर दिसला, तर तो घाणा टाकून द्यावा. जळक्या साखरेचा कडूपणा पुढे कशानेही झाकला जात नाही. गार झाल्यावर प्रत्येक दाण्याला सुरीचा एक छेद द्यायचा. अख्ख्या दाण्याची साल मेणचट असते आणि द्रावकाला आत शिरू देत नाही. मिक्सरला मात्र लावू नये. लगदा झाला की तो गाळता गाळता जीव नकोसा होतो.

द्रावक म्हणून साधी, वास नसलेली व्होडका घ्यावी. आपल्याकडे ती ४२.८ टक्के अल्कोहोलची येते आणि या कामाला ते प्रमाण छान जुळतं. अल्कोहोलचा भाग सुगंधी तेलं ओढतो, पाण्याचा भाग साखर आणि रंग. महाराष्ट्रात ती घ्यायला परवाना लागतो, वयाची अट आहे, ती पाळावी. दवाखान्यातलं स्पिरिट, रंगाच्या दुकानातलं स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काहीही चालत नाही. त्यात मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल असतं, आणि मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो. अर्क ‘घट्ट’ करायला घरी ऊर्ध्वपातन करायचा मोहही नको. ते बेकायदा आहे आणि आगीला आमंत्रण आहे.

भाजलेला बेदाणा काचेच्या बरणीत, वर २५० मिलिलिटर व्होडका, झाकण घट्ट, कपाटात १२ दिवस. रोज एकदा बरणी उलटीसुलटी करायची. बेदाणा फुगून वर तरंगतो. द्रवाच्या बाहेर राहिलेल्या दाण्यावर तीन-चार दिवसांत पांढरी बुरशी धरू शकते, आणि एकदा बुरशी दिसली की ती काढून उरलेलं वापरायचं नाही, सगळी बरणी ओतून द्यायची. म्हणून बरणी अशी निवडावी की द्रव जवळजवळ गळ्यापर्यंत येईल. नाशिकची थंडी इथे हिशोबात धरावी लागते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या भिंतीतलं कपाट चांगलंच गारठतं, आणि अर्क उतरणं त्या मानाने मंदावतं. त्या दिवसांत १२ ऐवजी १६ दिवस ठेवावं. एप्रिलमध्ये उलट, ९-१० दिवसांतच पुरे.

चहाची गोष्ट अगदी वेगळी, आणि सर्वांत जास्त बरण्या इथेच बिघडतात. बेदाण्याला दिवस लागतात म्हणून चहालाही दिवस द्यावे, असं वाटणं साहजिक आहे. पण अल्कोहोलमध्ये चहा दोन तास ठेवला की पुढे फक्त तुरटपणा येत राहतो. रोजच्या चहाची गोळीदार पावडर इथे नको. तिचा कण इतका चिरडलेला असतो की तुरटपणा देणारं टॅनिन आधी धावतं. लांब पानांचा ऑर्थोडॉक्स आसाम घ्यावा. १० ग्रॅम पान, १०० मिलिलिटर व्होडका, ४५ मिनिटं ते एक तास, मध्ये दोनदा चाखून. जिभेच्या कडा आवळल्यासारख्या वाटल्या की त्याच क्षणी गाळायचं. चहाच्या पानालाही तोडल्यावर सुकत ठेवतात आणि त्यातही तीच रंगद्रव्यं तुटतात, म्हणून त्याचा अर्क बेदाण्याशेजारी इतका सहज बसतो. बेदाण्याने गोडी आणि अंग दिलं, तर वाळल्या पानाची जाणीव चहा देतो. तो नसेल तर सगळं मिश्रण नुसतं मनुकांचं सरबत वाटतं.

धुरासाठी लोक कोळशाचा धुंगार देतात. मटणाला तो ठीक आहे, पण अर्कात तुपाचा अंश उतरतो आणि खवटतो. त्यापेक्षा सरळ मसाला वेलदोडा वापरावा, सिक्कीमकडून येणारा काळा, मोठा. तो लाकडाच्या धुरावरच वाळवलेला असतो. पण त्याच्या दाण्यांत कापरासारखा थंड वास असतो आणि तो आला की सगळं व्हिक्सच्या बाटलीकडे जातं. धूर असतो सालीत. म्हणून वेलदोडा फोडून दाणे मसाल्याच्या डब्यात परत टाकायचे, आणि सालीत चिकटलेला पडदाही खरवडून काढायचा. पाच वेलदोड्यांची साल ५० मिलिलिटर व्होडकात तीन दिवस ठेवायची. नाकाजवळ आणल्यावर चुलीवरच्या स्वयंपाकघराची आठवण येईल.

बाकीचं भराभर सांगतो. वाळा चैत्रात बाजारात येतो तेव्हाच घेऊन ठेवावा. १० ग्रॅम मुळं पाण्यात तीन वेळा धुऊन माती घालवायची, वाळवून कात्रीने बारीक करायची आणि १०० मिलिलिटरमध्ये चार आठवडे ठेवायची. त्याची सुगंधी द्रव्यं जड असतात, घाई करून उपयोग नाही. कोकोच्या भाजक्या बियांचे तुकडे २० ग्रॅम, १०० मिलिलिटर, पाच दिवस. कोकोत चरबी फार, म्हणून गाळलेला अर्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि सकाळी गार असतानाच कागदातून पुन्हा गाळायचा. कागदावर राहिलेला फिकट मेणाचा थर बघितला की हे का करायचं ते लगेच पटतं. मेथीदाणे २ ग्रॅम, खमंग भाजून, ५० मिलिलिटरमध्ये दोन दिवस. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, कमी असताना जुन्या गुळासारखं, थोडं जास्त झालं की कढीसारखं. दालचिनीचा मोह आवरावा. बाजारातल्या जाड सालीत कुमारिन असतं. वाळल्या गवताचा तो सुंदर वास त्याचाच, पण ते यकृताला जड जातं आणि अमेरिकेने १९५४ पासून खाद्यपदार्थात कुमारिन घालायला मनाई केली आहे. अगदीच हवी तर बोटाच्या पेराएवढा एक तुकडा वाळ्याच्या बरणीत टाकावा, जास्त नाही.

गुलाबाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. फुलबाजारातला लांब दांड्याचा गुलाब इथे चालणार नाही. पॉलीहाऊसमधलं ते फूल सजावटीसाठी वाढवलेलं असतं, त्यावर फवारण्या झालेल्या असतात आणि वासही जवळपास नसतोच. गावठी गुलाब हवा, कुंडीतला, ज्यावर औषध मारलेलं नाही असा. फूल सकाळी ऊन चढायच्या आत काढायचं, पाकळ्या सावलीत चार-पाच दिवस वाळवायच्या. ताज्या पाकळ्या बुडवायची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ताज्या पाकळीत ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं. १०० ग्रॅम ताज्या पाकळ्या १०० मिलिलिटर व्होडकात टाकल्या की अल्कोहोल ४२.८ वरून २४ टक्क्यांच्या आसपास येतं, अर्क पातळ होतो, पाकळ्या तपकिरी पडून भिजल्या कागदासारखा वास येतो. वाळलेल्या ५ ग्रॅम पाकळ्या, १०० मिलिलिटर, एक रात्र आणि एक दिवस. छत्तीस तासांच्या पुढे पाकळीचा कडवटपणा सुरू होतो.

ज्यांच्या घरी दारूचा थेंब चालत नाही, त्यांच्यासाठी ग्लिसरीन आहे. तीन भाग ग्लिसरीन, एक भाग उकळून गार केलेलं पाणी. वस्तू आणि द्रव १ ला ५ अशा वजनाने घ्यायचे. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात, पाण्याचं तापमान ५० ते ६० अंश, रोज चार तास, असं तीन दिवस. गुलाबाला ५० च्या वर नेऊ नये. ग्लिसरीन सुगंध अल्कोहोलइतका ओढत नाही, त्यामुळे अर्क सौम्य होतो, आणि स्वतः गोड असल्यामुळे मेथीचा, चहाचा काठ बोथट करतो. पण ते घेताना बाटलीवर खाद्य किंवा औषधी दर्जा लिहिलेला बघावा. त्वचेला लावायचं, गुलाबपाणी मिसळलेलं ग्लिसरीन नको. ही काटेकोर सूचना उगाच नाही. औद्योगिक ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकोल मिसळलेलं निघू शकतं आणि त्याने मूत्रपिंडं बंद पडतात. १९८६ साली मुंबईत अशा ग्लिसरीनने रुग्णांचे जीव गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली.

गाळण्याच्या कामात माणसाचा स्वभाव कळतो. बरणी आधी दोन दिवस न हलवता ठेवायची, साका तळाला बसू द्यायचा. मग वरचं निथळ हळूच मलमलीच्या दुहेरी कापडातून ओतायचं. शेवटी कापडात भिजलेला गोळा राहतो आणि हात आपोआप तो पिळायला जातो. पिळू नये. बेदाण्यातलं पेक्टिन आणि बारीक गर त्या एका पिळात खाली येतो आणि अर्क कायमचा गढूळ होतो. कापडाची पुरचुंडी बांधून तिला टांगून ठेवावी, तासाभरात जे गळेल ते आपलं. नंतर कॉफीचा फिल्टर कागद. बेदाण्याचा अर्क त्यातून थेंब थेंब जातो, १०० मिलिलिटरला दोन-अडीच तास सहज लागतात. कागद तुंबला तर चमच्याने ढवळू नये, फाटतो. नवा कागद घ्यावा. ग्लिसरीनचा अर्क असेल तर आधी कोमट करावा, मग तो चालू लागतो.

सगळे अर्क वेगवेगळे का काढायचे, एकाच बरणीत सगळं घालून मोकळं का होऊ नये, असं विचारलं जातं. उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. चहाला तास, गुलाबाला एक रात्र आणि एक दिवस, वाळ्याला चार आठवडे. एकत्र टाकलं तर वाळा तयार व्हायच्या आत चहाने सगळ्याची वाट लावलेली असते.

मिश्रणासाठी ३० मिलिलिटरची तपकिरी काचेची बाटली घ्या. तिच्यात बेदाणा १५ मिलिलिटर, चहा ६, कोको ४, वाळा २, गुलाब दीड, वेलदोड्याची साल १ आणि मेथी अर्धा मिलिलिटर. मोजायला बिनसुईची १ आणि ५ मिलिलिटरची सिरिंज वापरावी. थेंबांवर विसंबू नये. पाण्याचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर हा हिशोब इथे लागू पडत नाही, कारण अल्कोहोलचा थेंब लहान पडतो आणि मिलिलिटरला चाळिसाच्या आसपास भरतात. मेथी शेवटी घालावी, अर्ध्या मिलिलिटरचेही दोन भाग करून. ती एकदा पुढे गेली की मागे आणता येत नाही.

मिसळल्या मिसळल्या बाटली हुंगली तर निराशा होते. अल्कोहोल नाकात चढतं, प्रत्येक वास सुटा सुटा भांडत असतो. बाटली अंधारात पाच आठवडे मुरू द्यावी. या काळात तळाशी पुन्हा थोडा साका बसतो, टॅनिन आणि बाकीची द्रव्यं एकमेकांना धरून खाली जातात. तुरटपणा उतरतो, मेथी आणि धूर बेदाण्याच्या आत शिरतात. सहाव्या आठवड्यात निथळून दुसऱ्या स्वच्छ बाटलीत काढायचं. झाकण साधं स्क्रूचं हवं. रबरी बोंडाचा ड्रॉपर बाटलीवरच ठेवला तर अल्कोहोलची वाफ रबराला लागते आणि महिन्याभरात अर्काला सायकलच्या ट्यूबचा वास येतो.

पारख बाटलीतून करायची नाही. पाव लिटर कोमट दुधात एक चमचा साखर आणि त्यात १ मिलिलिटर अर्क. आधी घोट, मग तोंड मिटून नाकातून श्वास सोडायचा. खरा वास त्या श्वासात असतो. सुरुवातीला सुका मेवा, मध्ये वाळलं पान आणि कोको, जाता जाता किंचित धूर आणि ओली माती. असं लागलं तर जमलं. नुसती गोडी लागली तर चहा अर्धा मिलिलिटर वाढवावा. दवाखान्यासारखं लागलं तर वेलदोड्याचे दाणे सालीबरोबर गेलेत. जिभेला कोरड आली तर चहा जास्त वेळ बुडाला होता, त्याला थोडं ग्लिसरीन घालून मऊ करता येतं, पूर्ण दुरुस्त करता येत नाही. ही परीक्षा सकाळी, चहा-नाश्त्याआधी घ्यावी आणि एका बैठकीत तीनपेक्षा जास्त नमुने घेऊ नयेत. चौथ्याला नाक काहीही सांगतं.

वापर अगदी थोडा. अर्धा लिटर बासुंदीत आचेवरून उतरवल्यावर २ मिलिलिटर. काळ्या कॉफीत दोन-तीन थेंब. गडद चॉकलेटचे लाडू करायचे असतील तर २०० ग्रॅमला ४ मिलिलिटर, पण ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेट ओतायचं नाही. पाण्याचा अंश लागला की चॉकलेट क्षणात गोळा होऊन दाणेदार बनतं. आधी कोमट सायीत मिसळायचं आणि ती साय चॉकलेटमध्ये.

गाळून उरलेला बेदाणा टाकू नका. १०० ग्रॅम बेदाण्याने बरीच व्होडका पोटात घेतलेली असते, म्हणून तो मुलांच्या हाती लागेल असा उघडा ठेवायचा नाही. फ्रीजमध्ये बंद डब्यात ठेवून मोठ्यांसाठीच्या केकमध्ये घालावा. बाटल्यांवर मात्र त्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. वस्तू, वजन, द्रावक, तारीख, आणि खाली ठळक अक्षरात: अल्कोहोल आहे, हुंगायच्या यंत्रासाठी नाही. मग त्या सगळ्या वरच्या फळीवर, औषधांपासून लांब.